सांडवा

गणपतीच्या सुट्टीत पुण्याहून बहिणीचा मुलगा आला होता. नऊ वर्षांचा आहे. दारात चपला काढता काढताच त्यानं विचारलं, "मावशी, सांडवा सुटला का?" हा शब्द त्याला माझ्याचकडून मिळालेला, फोनवर. सुटला होता. तीन दिवस बालाघाटावर झड लागली होती आणि बीडजवळचा बिंदुसरा तलाव भरून वाहू लागल्याचे व्हिडिओ सकाळपासून सगळ्या ग्रुपवर फिरत होते. रविवारी आम्ही दोघं निघालो. पालीजवळ महामार्गाच्या कडेला मोटारसायकलींची ही रांग, कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्यांचा धूर, भज्यांच्या कढईभोवती गर्दी, पोरं बापांच्या खांद्यावर, बायांच्या हातात चपला. आणि या सगळ्याच्या वर तो आवाज. लांबून एखादा भरलेला ट्रक घाट चढतोय असं वाटतं. जवळ गेलं की तो कानात कमी आणि छातीत जास्त वाजतो. एका खडकावर आम्ही जागा धरली. पाणी कडेपर्यंत येतं तोवर ते तलावच असतं, सपाट, हिरवट, काचेसारखं. कडेवर ते जरासं वाकतं, आणि वाकता वाकता पांढरं होऊन खाली जातं. त्या वाकण्याकडं बघत राहिलं की वेळेचं भान राहत नाही. तुषारांनी चष्मा ओला झाला होता. भाच्यानं बाटलीतलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि उरलेलं पाणी सहज बाजूच्या गवतात ओतायला लागला.

"सांडू नको!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की शेजारची कणीस खाणारी बाई दचकून वळली. तो थांबला. बाटलीत दोन-तीन घोट उरले होते. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग समोर. "मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "तिथं बघ ना किती सांडतंय." त्यानं झाकण लावलं, बाटली पिशवीत ठेवली आणि परतीच्या वाटेवर तो फारसं बोलला नाही.

ती गोष्ट मला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिली.

आमच्या घरात पाणी सांडणं म्हणजे दूध उतू जाण्याहून मोठा गुन्हा. नळ आठवड्यानं यायचा, कधी पंधरा दिवसांनी. त्या दिवशी शाळा, पाहुणे, ताप, काहीही असो, घरातला प्रत्येक माणूस पाण्याला जुंपलेला असायचा. हौद, रांजण, घागरी, पिंप, शेवटी तांबे आणि पातेलीसुद्धा भरून ठेवायची. दगडावर बसून अंघोळ करायची आणि खाली घमेलं ठेवायचं. घमेल्यातलं पाणी धुण्याला, धुण्याचं फरशीला, फरशीचं दारातल्या लिंबाला. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला. पाहुण्याला पाणी द्यायचं ते अर्धा पेला, लागलं तर परत द्यायचं, म्हणजे उष्टं वाया जात नाही. हे सगळं आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते हवेत होतं. आईच्या तोंडी एक शब्द दिवसातून दहादा यायचा: सांडू नको. आणि अख्ख्या जिल्ह्यात माणसं नवे कपडे घालून, लेकरंबाळं घेऊन, हसत-खिदळत जिथं जातात, त्या जागेचं नावच सांडवा. सांडण्याची जागा. मी आयुष्यभर दोन्ही शब्द बोलत आले, पण ते एकमेकांचे सख्खे आहेत हे माझ्या ध्यानात आलं ते त्या पोराच्या बोलण्यानंतर.

आईचं माहेर पाटोदा तालुक्यातलं, डोंगरातलं. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती आणि आजीबरोबर दुष्काळी कामावर जायची. आधी खडी फोडायला, मग एका पाझर तलावाच्या मातीकामाला. मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, आणि प्यायला झऱ्यातलं वाटीवाटीनं भरलेलं पाणी. त्या कामाबद्दल ती फारसं सांगत नाही. विचारलं तर हाताचा अंगठा दाखवते; हातोडी बसून त्याचं नख तेव्हापासून वाकडं वाढतंय. एकदाच, मी कॉलेजात असताना, जोंधळे निवडता निवडता ती म्हणाली होती, "तळं आम्ही केलं, पर त्यात पाणी आल्यालं मी काय बघितलं नाही." पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. १९७३ चा पाऊस चांगला झाला, तळं भरलं, असं माहेरून कुणीतरी सांगत आलं. ती बीडला होती, नव्या घरात, नळाच्या रांगेत.

कदाचित म्हणूनच असेल, पण आई कधीही बिंदुसऱ्याला आली नाही. आम्ही निघालो की म्हणायची, "पाणी बघायला काय जायाचं? भरायला असलं तर सांगा."

आम्हाला न्यायचे ते अण्णा, आमचे वडील. त्यांच्याकडं जुनी सायकल होती, पुढच्या दांडीवर मी आणि मागं कॅरिअरवर बहीण. शहरापासून पाली काही फार लांब नाही, पण वाट चढाची, आणि अण्णांची एक ठरलेली रीत होती. खजाना विहिरीच्या जवळ सायकल थांबवायची, घाम पुसायचा आणि आम्हाला विहीर दाखवायची. शंभरदा दाखवली असेल, तरी दरवेळी पहिल्यांदा सांगावं तसं सांगायचे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या काळात, सोळाव्या शतकात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवून घेतली, आणि बांधणारा वास्तुकार राजा भास्कर. खाली उतरलं की गार हवा अंगावर येते, कबुतरं फडफडतात, आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी आत येतं नि दुसऱ्या बोगद्यातून उतारानं शेतांकडं निघून जातं. मोट नाही, पंप नाही, नुसता उतार. "यानं पाणी वर ओढलं नाही," अण्णा म्हणायचे, "पाण्याला कुठं जायचंय ते ओळखलं." मग पुन्हा सायकलवर बसून आम्ही तलावाच्या भिंतीवर.

तलाव १९५५ सालचा. मला या सालाचं कायम अप्रूप वाटत आलंय. म्हणजे निजाम जाऊन सातच वर्षं झालेली, मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात, महाराष्ट्राचा जन्म व्हायला पाच वर्षं बाकी. ज्यांनी ही मातीची भिंत घातली त्यांना आपण उद्या कोणत्या राज्यात असू हेही ठाऊक नव्हतं, पण पाणी कुठं अडवायचं ते पक्कं ठाऊक होतं. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावलेली ही छोटी नदी पुढं बीड शहराच्या मधून जाते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. धरण म्हणून बघाल तर इवलंसं. साधारण सात दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. पैठणच्या नाथसागराचे २९०९ दलघमी शेजारी मांडले तर हे म्हणजे देव्हाऱ्यातलं पंचपात्र. पण सात दलघमी म्हणजे सातशे कोटी लिटर, आणि ज्या गावात हंडा धरून बसायची सवय आहे तिथं सातशे कोटी हा आकडा मोजायचा नसतोच, त्याच्यासमोर नुसतं उभं राहायचं असतं.

भिंतीवर पोचलो की अण्णा पाण्याच्या बाजूला, दगडी पिचिंगवर, म्हणजे भिंतीच्या उतारावर बसवलेल्या दगडांवर, बसायचे. दगड उन्हानं तापलेले, त्यांच्या फटीत वाळकं गवत, कुठं सरड्याची शेपटी. आम्ही खापरं आणि चपटे दगड गोळा करून पाण्यावर भाकऱ्या काढायचो. बहिणीच्या पाच-पाच निघायच्या, माझ्या दोनावर बुडायच्या. हिवाळ्यात पाण्यावर काळे पक्षी उतरलेले असत, कपाळावर पांढरा टिळा. त्यांना वारकरी म्हणतात हे अण्णांनीच सांगितलं, आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं की हे पंढरपूरहून येतात. पलीकडच्या डोंगरावर सीताफळीची झुडपं, कुसळी गवत, संध्याकाळ झाली की डोंगराची सावली पाण्यावर हळूहळू चालत यायची आणि भिंतीला लागली की अण्णा उठायचे. कुठं घोषणा नाही, तिकीट नाही, बाकडं नाही. तरी रविवारची ती संध्याकाळ मला आजही कुठल्याही समुद्रापेक्षा मोठी वाटते. दगड, दोन बहिणी, आणि समोर इतकं पाणी, की त्यातलं आपल्याला एक थेंबही वाहून न्यायचा नाहीये.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. आमच्या घरात पाणी दिसलं की काम दिसायचं. फक्त तिथं, त्या भिंतीवर, पाणी नुसतं पाणी असायचं.

पण या पाण्याचं मला भयही आहे, आणि तेही याच नदीचं आहे. १९८९ च्या जुलैमध्ये बिंदुसरेला पूर आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आत्ता भाचा आहे तेवढीच. नदीकाठच्या गल्लीत आत्याचं घर होतं. पूर ओसरल्यावर अण्णांबरोबर मी तिकडं गेले. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ, भिजून फुगलेल्या ज्वारीचा आंबूस वास, लिंबाच्या फांदीत अडकलेली कुणाची तरी गोधडी. आत्या दारात बसून होती, आणि तिच्यासमोर गुडघाभर गाळ असताना ती प्यायला पाणी मागत होती. त्या आठवड्यात नदीकाठच्या लोकांना टँकरनं पाणी दिलं. पाणी नसणं आणि पाणी असणं, दोन्हींत घागर घेऊन रांगेतच उभं राहायचं, हे मी त्या दिवशी बघितलं. म्हणून सांडवा सुटला की एकीकडं माझं मन उड्या मारतं आणि दुसरीकडं कान शहराकडं असतात, नदीकाठच्या वस्तीत भोंगा फिरतोय का म्हणून. गेल्या गणपतीतही आम्ही कणसं खात होतो तेव्हा खालच्या शिवारात कपाशीत पाणी तुंबून पातं गळत होती. ज्याचं रान गेलं त्यानंही सांडव्याचा व्हिडिओ बघितला असेल. त्याला काय वाटलं असेल?

मी डोंगरपट्ट्यातल्या एका गावात शाळेवर शिकवते. दसरा झाला की वर्गातली पोरं कमी व्हायला लागतात, दिवाळीनंतर बाकं रिकामी. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. आईबापाचा कोयता साखरपट्ट्यात जातो आणि ज्यांना घरी सांभाळायला कुणी नाही ती लेकरं बरोबर जातात. ट्रक भरून, त्यात सरपण, भांडी, शेळी, कोंबड्या, आणि सगळ्यात वर पोरं, याच महामार्गानं, याच तलावाच्या कडेनं. तेव्हा तलाव तुडुंब असतो. पाडव्याच्या पुढं माणसं परत येतात तेव्हा मधे गाळ आणि डबकं. चौथीतल्या एका मुलीला मी "माझा आवडता तलाव" असं काहीसं लिहायला दिलं होतं. तिनं अर्ध्या पानावर निळा रंग भरला, अर्ध्यावर तपकिरी. मी विचारलं, हे दोन तलाव कुठले? म्हणाली, "एकच हाय बाई. ह्यो जाताना, ह्यो येताना." मी ते पान घरी आणलं. अजून कपाटात आहे. जिल्ह्यातलं सगळ्यात सुंदर पाणी सगळ्यात सुंदर असतं तेव्हा ज्यांच्या डोंगरावर ते पडलं ती माणसंच इथं नसतात, याचं मला वाईट वाटतं आणि ते वाईट वाटणं कुठं ठेवावं हे समजत नाही.

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात मी एकदा तलावाच्या पोटात चालत गेले होते. जिथं वारकरी पोहायचे तिथं मातीला भेगा, हात आत जाईल एवढ्या. भेगांच्या कडा वर वळलेल्या, शिळ्या भाकरीसारख्या. शिंपले पायाखाली कुरकुरत होते. एक भोई आपला थर्माकोलचा तराफा उन्हात उलटा टाकून त्याच्या सावलीत बसला होता. त्याच्याशी बोलावं असं फार वाटलं, पण बोलायला काही सुचेना. गाळ उचलायला ट्रॅक्टर येत होते. तो काळा, लोण्यासारखा गाळ शेतात पसरला की रानाचा कस वाढतो, त्यामुळं शेतकरी स्वतः डिझेल घालून नेत होते. डोंगरानं साठ वर्षांत पाण्याबरोबर खाली पाठवलेली माती माणसं परत रानात न्यायला निघाली होती. मला त्या दिवशी त्या रिकाम्या तलावातही धीर आला तो त्या ट्रॅक्टरांमुळं.

आता दरवर्षी इथं पर्यटनस्थळ करायची भाषा निघते. बोटिंग, बाग, रोषणाई. लोकांना हवंय, आणि का नसावं? बीडच्या माणसानं रविवारी जायचं तरी कुठं? कपिलधारला धबधबा आहे, पण तिथं आपण मन्मथस्वामींच्या पायाशी येतो, माथा टेकवतो आणि मग पाण्याकडं वळतो. नायगावला मोर आहेत, ते दिसले तर दिसले. निव्वळ पाय पसरून बसायला, काही न मागता बसायला, ही एकच जागा. पण मला रोषणाई नको वाटते. भिंतीच्या अलीकडं लिंबाची, वडाची चार झाडं, बायांसाठी एक धड स्वच्छतागृह, कचऱ्याला पिंप आणि सांडव्याच्या खडकावर चढणाऱ्या पोरांना अडवायला भक्कम कठडा, एवढं झालं तरी पुष्कळ. त्या खडकावरचं शेवाळ बुळबुळीत असतं, पाय सुटला की हाताला काही लागत नाही, आणि रीलसाठी पोरं नेमकी तिथंच उभी राहतात. गेल्या खेपेला परतताना गवतात पडलेले चहाचे प्लास्टिकचे पेले बघून मात्र मला खरंच रडू आलं. हे पाणी उद्या कुणाच्या तरी हंड्यात जायचंय.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आई आपणहून म्हणाली, "तुझा तो सांडवा दाखव म्हणं एकदा." सांडवा तेव्हा बंद झालेला, खडक कोरडे पडलेले. मी तसं सांगितलं. "मग पाणी तर असंल का न्हाई?" पाणी होतं. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. सायकलच्या वाटेनं मी तिला गाडीत बसवून नेलं. खजाना विहिरीजवळ मी गाडी हळू केली, काही बोलले नाही, तीही बोलली नाही. महामार्गावर गर्दी नव्हती. मधाच्या रंगाचं गवत, वारा, आणि पाण्यावर वारकऱ्यांचा थवा. भिंतीवर चढताना तिनं दोनदा दम खाल्ला. वर पोचल्यावर पदर डोक्यावरून घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. डोळे पाण्यावर नव्हते, भिंतीवर होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पायानं पिचिंगचा एक दगड हलतो का बघितला.

"आमचं तळं एवढं नव्हतं," ती म्हणाली. "पर माती अशीच दाबली व्हती."

तिला पाणी द्यावं म्हणून मी गाडीच्या दाराच्या कप्प्यातून बाटली काढून आणली होती. हातात घेतल्यावर कळलं, ती भाच्याची. गणपतीपासून तशीच पडून होती, तळाशी तेच दोन-तीन घोट. मी गडबडीनं म्हटलं, "थांब, हे शिळं आहे, दुसरं आणते." तिनं बाटली माझ्या हातातून घेतली, उन्हाकडं धरून बघितली. भिंतीच्या कडेला दगडांच्या फटीतून वीतभर लिंबाचं रोप आलं होतं. ती वाकली, झाकण काढलं आणि ते पाणी थेंबही बाजूला जाऊ न देता त्याच्या बुडाशी ओतलं. बाटली उलटी करून दोनदा झटकली. मग ती माझ्याकडं दिली, चपला काढून एकाशेजारी एक नीट ठेवल्या आणि दगडाला हात टेकत, एकेक पाऊल खाली उतरायला लागली. मी "आई, जपून" म्हणत मागोमाग. शेवटच्या दगडावर ती बसली, लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर घेतलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"गार हाय गं," ती म्हणाली.